ठसका लागला नाही म्हणून

मंडळी, आधी एक करून बघा. ओठ न मिटता, तोंड उघडं ठेवून आवंढा गिळा. मागच्या रांगेत हसू फुटलंय, म्हणजे जड जातंय तर! आता ज्यांची चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आहे, ज्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळते आहे, त्यांचा विचार करा. त्यांनाच आपण मायेने म्हणतो, ‘घ्या हो, घोटभर पाणी घ्या.’

विषय ठरलाय ‘पक्षाघातानंतर पुन्हा गिळायला शिकताना’. त्याकडे येतेच. पण ठसक्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

एक आजोबा होते. झटका येऊन उजवी बाजू गेली होती, पण शुद्धीवर होते, डोळ्यांनी बोलायचे. घरची माणसं रात्रंदिवस उशाशी. सून मला कौतुकाने म्हणाली, ‘बाबा छान पाणी पितात, एकदाही ठसका लागला नाही.’ मी आजोबांना ‘आऽ’ म्हणायला लावलं. आवाज ओला होता, घशात पाणी साचल्यासारखा घुरघुरणारा. संध्याकाळी ताप चढला. नंतर क्ष-किरणांखाली बेरियम, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारं द्रव्य, मिसळलेला घोट देऊन पाहिलं, तर पडद्यावर तो सरळ श्वासनलिकेत उतरताना दिसला, आणि आजोबा शांत! खोकला नाही, चेहऱ्यावर त्रासही नाही. घशाची संवेदनाच गेलेली असते तेव्हा चुकीच्या वाटेने गेलेल्या घोटाची शरीराला खबर लागत नाही. ठसका लागणं ही तक्रार नव्हे, ती राखण आहे. राखणदार झोपला असेल तर शांतता कसली मिरवायची?

आणि माझा राग त्या सुनेवर नाही. गिळणं तपासेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, औषधाची गोळीसुद्धा नाही, हे तिला त्या वॉर्डात कुणी सांगितलंच नव्हतं. साधी तपासणी खाटेपाशीच होते. रुग्ण पुरेसा जागा आहे ना ते पाहायचं, ताठ बसवायचं, चमच्याने थोडं थोडं पाणी द्यायचं, आवाज ऐकायचा. अर्थात अशी तपासणीही मुका ठसका, म्हणजे खोकला न येता श्वासनलिकेत उतरलेला घोट, दर वेळी पकडत नाही. शंका उरली तर क्ष-किरण किंवा नाकातून घातलेली दुर्बीण हवीच.

जाता जाता तोंडाच्या स्वच्छतेबद्दलही सांगते. ‘नाकातून नळी आहे, तोंडाने खातच नाहीत, मग दात कशाला घासायचे?’ अहो, लाळ तर गिळली जातेच ना! अस्वच्छ तोंडातले जंतू त्या लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. नळीवाल्या रुग्णाचं तोंड जास्तच जपायला हवं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. बरं, मूळ विषय भरभर घेते.

पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो, आणि त्यातल्या बहुतेकांचा काही आठवड्यांत बराच कमी होतो. गिळण्याचं नियंत्रण मेंदूच्या दोन्ही अर्धांत असतं, फक्त समसमान नसतं. १९९८ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी मेंदूला बाहेरून चुंबकीय उत्तेजन देऊन दाखवलं, की गिळणं सुधारतं तेव्हा निरोगी अर्धातलं त्याचं क्षेत्र विस्तारतं. म्हणून व्यायाम करायचे, तेही रोज.

पाणी पातळ, म्हणून घशाची झडप मिटायच्या आत धावतं. काहींना त्यामुळे दाटसर पेय द्यावं लागतं. किती दाट, ते ० ते ७ च्या आंतरराष्ट्रीय मापावर ठरवतात, अंदाजाने नाही. काहींना हनुवटी छातीकडे घेतल्याने फायदा होतो, काहींना लुळ्या बाजूकडे मान वळवल्याने. शेजारच्या खाटेवरचं पाहून करू नका. जेवताना ताठ बसवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका, आणि लुळ्या गालात घास साचलाय का ते बोटाने नको, बॅटरी लावून बघा.

शेवटचं, गोळ्यांबद्दल. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी चुरडली, तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी चुरडू नका, बऱ्याच औषधांचं पातळ रूप मिळतं. विचारा आता प्रश्न.