संगणक खाते

(दृश्य: लाल कापडी बांधणीची लांब वही. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि कुंकवाची बोटं. पानं उलटणारा हात.)

सांगलीच्या गणपती पेठेत आमच्या आजोबांची अडत होती. माल हळद आणि गूळ. दुकानाच्या हिशेबाच्या वह्या अशाच असायच्या, लाल कापडाच्या, पाडव्याला पूजा करून उघडलेल्या. ही वही त्याच गठ्ठ्यातली, पण हिच्यात हळदीचं एक पोतंही सापडणार नाही. वर लिहिलंय, ‘संगणक खाते’. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. काकांनी कॉम्प्युटरसाठी जे घेतलं ते उजवीकडे. जुना भाग काढून कुणाला दिला आणि त्याचे किती आले, ते डावीकडे.

1995 पासून या वहीत खंड नाही.

पहिली नोंद: 486 डीएक्स2, 66 मेगाहर्ट्झ, 8 एमबी रॅम. हे मशीन तयार आणलेलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मागचे स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवलं. त्यानंतर या घरात तयार मशीन आलं नाही.

(दृश्य: माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. जुनी कार्डं, चपट्या राखाडी केबली, बिस्किटाच्या डब्यात स्क्रू.)

ट्रंकेतून काका एक चिप काढून देतात. काळी, लांबट, दोन्ही बाजूंना सोळा-सोळा पाय. मी हात मागे घेते. “अगं, धर की, काय होत नाही,” काका म्हणतात.

ही बायोसची चिप. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर सगळ्यात आधी हिच्यातलं वाचतो.

26 एप्रिल 1999. सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. चेर्नोबिलच्या दुर्घटनेची तीच तारीख, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणायचे. तो हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि काही मदरबोर्डांवर (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, आमच्याकडे नुसतं ‘बोर्ड’) थेट बायोसच्या चिपमध्ये कचरा लिहायचा. इंटेलच्या 430टीएक्स चिपसेटचे बोर्ड त्याच्या तावडीत सापडायचे. खणभागातल्या एका डीटीपीवाल्याकडे तसाच बोर्ड होता. काकांनीच सुचवलेला, कारण त्यांच्याकडेही तोच होता. ऐन लग्नसराई, पत्रिकांची कामं टेबलावर, आणि स्क्रीन काळी.

(दृश्य: काका जुन्या बोर्डावर तीच कृती करून दाखवतात. बोटांचा क्लोजअप.)

कंपनीकडे चिप पाठवायची तर महिना गेला असता. काकांनी स्वतःचं चांगलं मशीन आणलं आणि फ्लॉपीवरून डॉसमध्ये सुरू केलं. मशीन एकदा उठलं की बायोसची नक्कल रॅममध्ये गेलेली असते, चिपची गरज तेवढ्यापुरती संपते. मग वीज चालू असतानाच चिपखालून आधी ओवून ठेवलेला दोरा दोन्ही टोकांनी सरळ वर ओढायचा. तिरका ओढला तर पाय वाकतात. चांगली चिप बाहेर काढायची आणि मेलेली त्याच जागी बसवायची, खाचेची बाजू बघून. उलटी बसली तर चिपही जाते आणि कदाचित बोर्डही. मग फ्लॉपीवरच्या प्रोग्रामने बायोस पुन्हा लिहायचा. स्क्रीनवर पांढरे चौकोन एकेक करून भरत जातात. तेवढा वेळ वीज जाता कामा नये.

वीज गेली नाही. डीटीपीवाल्याचं मशीन त्याच संध्याकाळी उठलं. हार्डडिस्कमधल्या पत्रिका मात्र गेल्या.

काकांनी स्वतःचं चांगलं मशीन पणाला लावलं होतं. वहीत या कामाची नोंद नाही, कारण त्याचे पैसे घेतले नव्हते.

(दृश्य: हिरव्या पट्टीवर बसवलेला प्रोसेसर. सोनेरी दातांपैकी एकावर लाल ठिपका. कॅमेरा तिथेच थांबतो.)

हा लाल ठिपका नेलपॉलिशचा आहे.

काका महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीतून मुंबईला गेले, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पिशवीतून आला तो हा सेलेरॉन 300ए. इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर. पण कॅश मेमरी, म्हणजे सारखी लागणारी माहिती हाताशी ठेवणारी जागा, त्याच्या पोटातच होती, 128 केबी, आणि ती प्रोसेसरच्याच वेगाने चालायची. महागड्या पेंटियम टूची कॅश चौपट मोठी, पण अर्ध्या वेगाने धावणारी.

हिशेब सोपा आहे. बोर्डाचा वेग 66 मेगाहर्ट्झ, प्रोसेसरचा गुणक साडेचार, म्हणून 300. गुणक कारखान्यातच कुलूपबंद केलेला. बोर्डाचा वेग मात्र 100 करता आला, तर साडेचार गुणिले शंभर, 450. काकांच्या बोर्डावर त्यासाठी जंपर, म्हणजे वेग बदलायची पिनांवरची टोपी, नव्हता. बोर्ड प्रोसेसरलाच विचारायचा, तू कितीचा? ते उत्तर देणारा दात म्हणजे बी बाजूचा एकविसावा. तो झाकला की बोर्ड 100 धरून चालतो.

सुईच्या टोकाने दात मोजले. चुकू नये म्हणून दोन्ही टोकांकडून मोजले. मग काकूंच्या बाटलीतल्या ब्रशचा एकच केस भिजवून एक ठिपका. शेजारच्या दाताला लागला तर पुसून पुन्हा. वाळेपर्यंत थांबायचं. रॅम 100 ची हवी, ती आधीच घेतलेली. कॅबिनेटची एक बाजू उघडी, समोर टेबलफॅन, बाहेर सांगलीचा मे महिना.

स्क्रीनवर 450 आलं.

हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो, तो तसाच ठेवलाय. चार वर्षं हा प्रोसेसर 450 वर चालला.

(दृश्य: वहीची पानं भराभर.)

पुढच्या बारा-तेरा वर्षांचे भाग आमच्याकडे दाखवायला नाहीत. अ‍ॅथलॉन, मग कोअर टू ड्युओ, मग सँडी ब्रिजचा आय5. सगळे डावीकडे जमा झालेत. एक तासगावच्या शाळेत गेला, एक मिरजेत सतारी करणाऱ्यांकडे बिलं काढायला. एका बोर्डाचे कपॅसिटर फुगले, ते काकांनी काढून नवे डागले आणि तो बोर्ड आणखी तीन वर्षं कुणाच्या तरी घरी चालला. याच काळात अडत बंद झाली.

मी हे ज्या लॅपटॉपवर जोडतेय त्याची रॅम बोर्डावरच डागलेली आहे. वाढवता येत नाही आणि काढून कुणाला देताही येत नाही. काकांच्या वहीत त्याची नोंद एकदाच होईल, उजवीकडे. असल्या वस्तूला डावी बाजूच नसते, आणि ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

(दृश्य: आयर्विन पूल, पाण्याची पातळी दाखवणारे आकडे. पुढची दृश्यं मोबाईलवरची, ऑगस्ट 2019.)

सांगलीत कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागात बोटी फिरल्या. दुरुस्तीला आलेली लोकांची मशीनं काकांनी आधी माळ्यावर चढवली, वहीसुद्धा. स्वतःचं खालीच राहिलं.

(दृश्य: गाळाने भरलेलं कॅबिनेट. नळाखाली मदरबोर्ड. दाढीचा ब्रश.)

पाणी ओसरल्यावर पहिलं काम, बोर्डावरचा बटणसेल काढायचा. मुख्य वीज नसली तरी तीन व्होल्ट तिथे असतातच, आणि ओल्या तांब्याला गंजवायला तेवढे पुरतात. मग साध्या पाण्याने गाळ काढायचा, वाळण्याच्या आत. वाळला की तो स्लॉटमध्ये सिमेंटसारखा बसतो. प्रोसेसर उचलला. 1331 पिना, एकही वाकलेली नाही. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या भोकांमध्ये सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल, पुन्हा पुन्हा, खालून स्वच्छ थेंब येईपर्यंत. ऊन नव्हतंच. काकांनी लाकडी पेटीत शंभर वॅटचा बल्ब लावला, आंब्याच्या अढीसारखे बोर्ड ओळीने उभे केले आणि चार दिवस झाकण उघडलं नाही.

(दृश्य: पेटीतला पिवळा उजेड. उभे बोर्ड.)

पॉवर सप्लाय नवीन घेतला. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम चालू झाले.

हार्डडिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत गेलं होतं. त्यात घरचे सगळे फोटो होते.

(निवेदन नाही. भिंतीवरची पुराची रेघ, तिच्याखाली टेबल, टेबलावर उघडी हार्डडिस्क. 20 सेकंद.)

तोच बोर्ड आजही टेबलावर आहे. 2017 चा, एएम4 सॉकेटचा. 2022 मध्ये एएमडीने या जुन्या बोर्डांनाही रायझन 5000 मालिका चालवायची मुभा दिली. म्हणून आमच्या शूटिंगच्या शेवटच्या दिवशी काकांनी प्रोसेसर बदलला. आधी बायोस अपडेट, पेन ड्राइव्हवरून, या वेळी दोरा लागला नाही. मग दहा मिनिटं मशीन चालवून गरम केलं, बंद केलं आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर पेस्टने बसवलेला उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, ओढण्याआधी डावीउजवीकडे हलकेच फिरवला. थंड असताना सरळ ओढला तर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

(दृश्य: जुना प्रोसेसर फोमच्या तुकड्यावर. काका पेनाचं टोपण काढतात.)

नावे: रायझन 5 5600.

जमा: रायझन 5 1600, पुरातून निघालेला. विश्रामबागचा एक कॉलेजचा मुलगा दोन हप्त्यांत घेतोय. पहिला हप्ता लिहिलाय. शनिवारी तो स्वतःचं कॅबिनेट घेऊन येणार आहे, काका त्याला बसवायला शिकवणार आहेत. आमचं शूटिंग गुरुवारी संपलं.