जातं फिरतंय ना?

सर्वांना नमस्कार. माझ्या कामाविषयी बोलायला मंडळाने बोलावले, याचा आनंद आहे. मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ असलो, तरी गेली अनेक वर्षे माझा बहुतेक वेळ डायलिसिसच्या रुग्णांच्या हातातील रक्तवाहिन्या चालू ठेवण्यात जातो.

डायलिसिस म्हटले की रक्त शरीराबाहेर काढून शुद्ध करणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. ते विलेम कोल्फ यांनी १९४३ साली नेदरलँड्समध्ये तयार केले. पण दरवेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि वाहिन्या संपल्या की उपचारही थांबे. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली. पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील ब्रेशिया, चिमिनो आणि शल्यविशारद ॲपेल यांनी मनगटापाशी धमनी थेट शिरेला जोडली आणि १९६६ साली ती शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हीच फिस्टुला. धमनीच्या जोराने शीर फुगते, जाड होते आणि आठवड्यातून तीनदा दोन मोठ्या सुया सोसू लागते.

मी शिकत होतो तेव्हा फिस्टुलात रक्त गोठून ती बंद पडली की रुग्ण दाखल व्हायचा, मानेतल्या शिरेत तात्पुरता कॅथेटर, म्हणजे नळी, घातला जायचा आणि शस्त्रक्रियेची पाळी येईपर्यंत तो तसाच पडून राहायचा. त्या कॅथेटरमधून जंतुसंसर्ग रक्तात जाऊन दगावलेली माणसे मी पाहिली आहेत. टेक्सासमध्ये जेराल्ड बीथर्ड यांच्यासारख्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी बंद पडलेली फिस्टुला उघडण्याचे काम स्वतःच्या हाती घेतले होते, म्हणून मीही ते शिकलो. शिरेतून बारीक तार सरकवायची, तिच्यावरून फुगा अरुंद जागी न्यायचा आणि फुगवायचा. पडद्यावर फुग्याला मधोमध कंबर दिसते. दाब वाढवत गेले की ती एकदम नाहीशी होते. बहुतेक वेळा रुग्ण त्याच दिवशी डायलिसिसला बसतो. ते पाहण्याचे समाधान मला अजूनही तितकेच वाटते.

येथे अनेकांचे आईवडील गावी आहेत. त्यांपैकी कोणाचे मूत्रपिंड निकामी होत चालले असेल, तर ज्या हाताने ते लिहीत नाहीत तो हात राखून ठेवायला सांगा: त्यात सलाइन नको, रक्त काढणे नको; सुई टाळता येत नसेल, तर पंजाच्या मागच्या बाजूला टोचावी. फिस्टुला पिकायला, म्हणजे शीर सुया सोसण्याइतकी जाड व्हायला, निदान सहा आठवडे, कधी तीन-चार महिनेही लागतात, म्हणून ती डायलिसिसच्या आधी बरेच दिवस करून ठेवावी लागते. अमेरिकेतही बहुसंख्य रुग्णांचे डायलिसिस आजही कॅथेटरवरच सुरू होते, याची मला खंत वाटते.

मुलाकडे राहणाऱ्या एका मराठी आजींनी माझे बोट आपल्या मनगटावर ठेवून विचारले होते, “डॉक्टर, जातं फिरतंय ना?” कातडीखालची ती थरथर खरोखरच जात्यासारखी लागत होती. त्या रोज सकाळी उठल्याबरोबर हात चाचपत. एका रविवारी जाते थांबलेले जाणवताच त्यांनी चहाआधी सुनेला फोन करायला लावला, आणि गुठळी ताजी असल्यामुळे संध्याकाळपर्यंत ते पुन्हा फिरू लागले.