बिमार का बदमाश?

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावात गणेशोत्सवानिमित्त एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, आयाबायांनो, आणि मागे ट्रॉलीवर बसलेल्या पोरांनो,

मंडळानं फलकावर विषय लिहिला आहे, 'व्यसन : आजार की निवड?' मघाशी चहा घेताना एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टर, निवडणुकीवर बोलनार हाये का?" त्यांचं चुकलं नाही. दारूच्या बाबतीत 'निवड' हा शब्द गावात कोणी वापरत नाही. पोरगा आपला असला तर त्याला संगत वाईट लागलेली असते, जावई असला तर पोरीचं नशीब फुटलेलं असतं, आणि शेजाऱ्याचा असला तर त्याला मस्ती आलेली असते. बिमारी म्हणायला आपण डोळे पिवळे होऊन पोट फुगेपर्यंत थांबतो.

परवाच पोळा झाला. माझी गोष्टही पोळ्यापासूनच सुरू होते, फक्त बऱ्याच वर्षांपूर्वीच्या. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात होतो. जवळच्या गावात एक शेतकरी होता, पाच एकर पराटी, म्हणजे कपाशी, घरची बैलजोडी. हा माणूस सकाळी चूळ भरायच्या आधी पव्वा लावणारा. त्या पोळ्याला बैल सजले, झुली चढल्या, आणि तोरणाखाली न्यायला मालकच शुद्धीवर नाही. शेवटी बारा वर्षांच्या पोरीनं कासरा धरला. सगळ्या गावानं पाहिलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. गणपती बसले त्या दिवशी त्यानं मांडवात नारळ हातात घेऊन शपथ घेतली, आजपासून थेंब नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं शेजारणीकडे साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी घाम, ताप, झोप नाही, भिंतीवर किडे दिसायला लागले. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलं. लिंबू उतरवलं, अंगारा लावला, जाणत्याकडे एक रात्र गेली. माझ्याकडे आणला तेव्हा नाडी एकशे तीसच्या पुढे होती, आणि गडी पलंगावर बसून डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, हाकत होता. दोन्ही मुठी घट्ट, नजर समोर, बैलांना नावानं हाका. "तास सोडू नको रे राजा!" सिस्टर इंजेक्शन घेऊन गेल्या तर त्यांच्यावर ओरडला, "बाई, पराटीत उभ्या नका राहू, मोडन ना!" वॉर्डातले लोक हसले. मीही आतल्या आत हसलो असेन, पण घाम मलाही फुटला होता, कारण अशातून माणूस दगावतो हे मला ठाऊक होतं.

होतं काय, ते सांगतो. दारू मेंदूला थंड करते. रोज, वर्षानुवर्षं थंड केलं की मेंदू उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो. दाराला बाहेरून कोणी रेटत असेल तर आपण आतून खांदा लावून उभे राहतो, तसं. मग एका दिवशी बाहेरचा माणूस अचानक बाजूला झाला तर काय होईल? आतला तोंडावर पडेल. झटके येतात, भ्रम होतो, हृदयाचे ठोके हाताबाहेर जातात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सुरू होतं. त्याला आम्ही गुंगीची औषधं दिली, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, चार दिवसांनी तो माणसात आला.

आता बघा. या माणसानं निवड केली होती की नाही? सगळं गाव त्याला वर्षानुवर्षं सांगत होतं ते त्यानं केलं, देवासमोर केलं, आणि त्याच निवडीनं तो मरणाच्या दारात गेला. म्हणून माझी पहिली विनंती, ज्याला सकाळी उठल्याबरोबर लागते, त्याला शपथ घालून घरात कोंडू नका. दवाखान्यात आणा. शपथ नंतर घ्या.

सुट्टी व्हायच्या दिवशी त्यानं मला विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा, मी बिमार हाओ का बदमाश हाओ?" मी डॉक्टरी ढंगात "बिमार" म्हणालो. तो म्हणाला, "मंग दुकानावर माहे पाय कोन नेते? बिमारी नेते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची वीस वर्षं मी ते उत्तर पेशंटला प्रश्न विचारून शोधत राहिलो. पुस्तकातले प्रश्न होतेच, पण आपल्या भागात सगळ्यात कामाला आला तो एकच: "यंदा श्रावण पाळला का?"

हसू नका. आपल्याकडे पिणारेसुद्धा श्रावणात पीत नाहीत, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, महिन्याची कसर काढतात. पूर्ण महिना बंद ठेवणारा माणूस आहे, म्हणजे निवड करता येते, हे सिद्धच झालं. पण मी त्या शेतकऱ्याला विचारलं तेव्हा तो बोटं मोजायला लागला. लग्न झालं त्या काळात पूर्ण श्रावण पाळायचा. पोरगी झाली त्या वर्षापासून तिसऱ्या सोमवारपर्यंत. मग दुसऱ्या. मग पहिल्या सोमवारी दुपारपर्यंत. "आता श्रावन कवा लागला तेच समजत नाई."

माझ्या उत्तराचा धागा मला तिथं सापडला. निवड करायची ताकद एका दिवसात जात नाही. सोमवार-सोमवार करत ती आटते, विहिरीचं पाणी आटावं तशी. 'पूर्ण आजार' म्हणणारे कोरड्या तळाकडे पाहतात आणि 'पूर्ण निवड' म्हणणाऱ्यांना काठोकाठ भरलेली विहीर आठवते. बहुतेक पेशंट माझ्याकडे आले तेव्हा तळाशी हातभर पाणी होतं. कमी होतं, पण होतं.

आकडे आवडणाऱ्यांसाठी थोडं. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल 2019 साली आला. दहा ते पंचाहत्तर वर्षांच्या लोकांत दारू पिणारे अंदाजे 16 कोटी, आणि पूर्ण आहारी गेलेले 2.9 कोटी. म्हणजे पिणाऱ्या दर पाच-सहा जणांत एक अडकतो. बाकीचे म्हणतात, "मी पण पेतो, मले काहून नाई लागत?" अरे बाबा, साप चावलेला प्रत्येक माणूस मरत नाही, म्हणून सापाला विष नसतं का? आणि त्याच अहवालातलं हेही ऐका, आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाले होते. टीबीच्या अडतीस पेशंटांपैकी सदतीस असे वाऱ्यावर सोडले असते तर आपण जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला असता.

तो एक कोण अडकतो? निम्मा भाग रक्तातून येतो असं अभ्यास सांगतात. पण रक्तातून आलं म्हणजे ललाटी लिहिलं, असं समजू नका. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. 1876 साली शेंडगावला जन्मलेला देबूजी. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले, घरदार गेलं, आईला लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी यावं लागलं. तोच देबूजी मोठा झाला, त्याला मुलगी झाली, आणि बारशाला दारू-मटण द्यायची रीत असताना त्यानं पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद चिडले. पुढे त्यांनाच आपण गाडगेबाबा म्हणायला लागलो. बाबा 1956 च्या डिसेंबरात गेले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं जाहीर केलं होतं की दारूचं व्यसन हा आजार आहे, दवाखान्यांनी अशा पेशंटला दारातून परत पाठवू नये. बाबांनी मात्र नुसती स्वतःची दारू टाळली नाही, पंगतीतलीच काढली. माणूस बसतो-उठतो ती जागा बदलली पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

जागेवरून आठवलं. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. सरकार घाबरलं, हे घरी येऊन काय करतील? ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिथं आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात शंभरात पाचेक जणच पुन्हा अडकले. काहींनी लगेच निष्कर्ष काढला, बघा, आजार नव्हताच. मी वेगळं वाचतो. तो सैनिक व्हिएतनाम सोडून आला. आपला माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून कुठं येतो? त्याच बसस्टँडवर, त्याच दुकानासमोर, आणि पहिला माणूस भेटतो तो म्हणतो, "सुदरला म्हने? चाल, एक घेऊ."

कायद्याचंही दोन तोंडांनी बोलणं आहे. आपल्या मर्जीनं पिऊन गुन्हा केला तर नशा ही सबब चालत नाही, हे 1860 च्या दंड संहितेपासून चालत आलं. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि ड्रग्जपायी होणाऱ्या अवस्था मानसिक आजारात धरल्या. मला यात विसंगती वाटत नाही. पण कागद एकच तोंड मागतो तेव्हा काय होतं, ते सांगतो.

एका शेतकऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं. दारूबरोबर घेतलं. शवविच्छेदन माझ्याकडे. बाहेर कडुलिंबाखाली त्याची बायको बसली होती, मांडीवर लहान पोरगं. ती उठून आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, दारूचं नोका लिहू." तिला कोणीतरी सांगितलं होतं की आत्महत्येच्या मदतीचे एक लाख नापिकी आणि कर्जासाठी असतात, आत्महत्येचं कारण म्हणून व्यसन निघालं की प्रकरण अपात्र. आता त्या घरात आधी काय आलं? बोंडअळी, सावकार की बाटली? कारणाचा रकाना एका ओळीचा. मी जे सापडलं ते लिहिलं, डॉक्टरला तेच लिहावं लागतं. प्रकरण अपात्र ठरलं. ज्या बाईनं दहा वर्षं दारूचा मार खाल्ला, तिलाच दारूनं शेवटी एक लाखालाही मुकवलं. 'ज्याची त्याची निवड' म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून विचारतो, यातली तिची निवड कोणती?

आता डवरा हाकणाऱ्याकडे परत येऊ. सात महिने त्यानं पाळलं. मग एका लग्नात घसरला, आणि गंमत अशी की स्वतःच्या पायानं माझ्याकडे आला. यावेळी मी त्याला एक गोळी सांगितली. डायसल्फिराम. मुळात रबराच्या कारखान्यातलं रसायन. तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही हे लोकांच्या लक्षात आलं होतं, पुढे 1940 च्या दशकात डेन्मार्कच्या डॉक्टरांनी त्याचं औषध केलं. ही गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, जीव घाबराघुबरा. आपण पिकात घुसणाऱ्या बैलाच्या गळ्यात लोढणं बांधतो ना? बैलाला कोणी मारून टाकत नाही, आणि तो उद्यापासून शहाणा होईल म्हणून मोकळाही सोडत नाही. ही गोळी म्हणजे लोढणं.

इथं बायांना एक हात जोडून सांगतो. भिंतीवर जाहिरात असते, 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा'. चहात, वरणात पूड मिसळू नका. त्या पुडीत काय असतं कोणाला ठाऊक, आणि हेच औषध असलं तर नकळत वर दारू प्यालेला माणूस हातचा जाऊ शकतो. गोळी त्याला सांगून, लिव्हर आणि हृदय तपासून, डॉक्टरच्या चिठ्ठीनंच.

त्या घरी अशी रीत पडली की सकाळी चहाआधी तो ओट्यावर बसायचा, हात पुढे करायचा, आणि पोरगी तळहातावर गोळी ठेवायची. तिच्यासमोर गिळायची. तिनं एकदा मला सांगितलं, "काही दिवशी बाबा हात लवकर पुढे करत नाही. मी उभी रायतो." किती वेळ उभी राहतेस? "चहा थंडा होयेपर्यंत." मंडळी, आजारावरचं औषध आहे, पण हात त्याचा त्यालाच पुढे करावा लागतो. आणि समोर कोणीतरी उभं लागतं. मधल्या काळात तो आणखी दोनदा घसरला. पुढच्या एका पोळ्याला तोरणाखाली बैल त्यानंच नेले, तेव्हा पोरगी कॉलेजात होती.

दारूवर मी तासभर बोललो, तरी समोरचे बरेच जण गालात काही दाबून ऐकत आहेत, ते मला इथून दिसतं. खर्ऱ्याला, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूला, आपण व्यसनात धरतच नाही. बारशाला खर्रा, तेराव्याला खर्रा. मी मोठ्या तोंडानं सांगत नाही, मीही बारा वर्षं खाल्ला. डॉक्टर असून. तंबाखू आणि सुपारीनं तोंडात काय होतं हे शाळेत पोरांना चित्रं दाखवून सांगायचो, आणि बाहेर पडून पानठेल्यावर उभा राहायचो. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना तळहातानं घोटल्याचा तो आवाज ऐकला की माझी सगळी एमबीबीएस विरघळायची. ज्ञानानं व्यसन सुटत असतं तर मी पहिल्या वर्षीच सुटलो असतो. मग एके दिवशी ठेचा तोंडाला आगीसारखा लागला. मिरची कच्ची खाणारा माणूस मी. आरशासमोर गेलो आणि जे पेशंटला करायला सांगायचो ते स्वतः केलं.

तुम्हीही आत्ता करा. हाताची मधली तीन बोटं जोडा, एकावर एक अशी उभी धरा, आणि तोंड उघडून दातांमध्ये घाला. लाजू नका, अंधार आहे. तीन गेली तर ठीक. माझी दोनच जातात, खर्रा सोडून इतकी वर्षं झाली तरी दोनच. ज्यांची दोनच गेली त्यांनी आरती झाल्यावर स्टेजच्या मागे या. मी टॉर्च आणली आहे.