धारोष्ण

(गंगावेस, संध्याकाळ)
हा कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूध कट्टा. समोर म्हशीची धार निघते, पेला फेसानं भरतो आणि गिऱ्हाईक तिथंच तोंडाला लावतं. दुधात अजून म्हशीच्या अंगाची ऊब आहे, जवळपास ३८ अंश. ही ऊब जिवाणूंनाही कळते.

(प्रयोगशाळा)
दुधाचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरला, तर स्निग्धांशाचे गोळेच गोळे दिसतात. म्हणून शहरातल्याच एका कॉलेजात ई. कोलाय हे जिवाणू वाढवून घेतले. आपल्या आतड्यात राहतात, तेच हे.

(पडदाभर जिवाणू)
नीट बघा. दृश्याचा वेग वाढवलेला नाही. लांबी २ मायक्रोमीटरच्या आसपास, आणि सेकंदाला त्याच्या दहापट अंतर कापतात. अंगावर कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे धागे आहेत, पण इतक्या बारीक की इथं दिसणार नाहीत. त्या घड्याळाच्या उलट दिशेनं फिरल्या की त्यांची जुडी बनते आणि जिवाणू सरळ धावतो. एखादी सुलटी फिरली की जुडी विस्कटते, मग कोलांटी. हा बघा, डाव्या कोपऱ्यातला! कोलांटीनंतर तोंड कुठं वळेल, याचा काही नेम नसतो.

(काचपट्टी तापते)
आता ऊब चढतेय. कोलांट्या कमी झाल्या. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७६ साली हेच नोंदवलं: तापमान चढलं की काही वेळ सरळ धाव, उतरलं की कोलांट्यांवर कोलांट्या. त्यामुळं उबेकडे निघालेला पुढं जात राहतो, गारव्यात शिरलेला पुन्हा पुन्हा वाट बदलतो.

याला मेंदू नाही. अंग इतकं आखूड, की दोन टोकांची ऊब ताडून काही हाती लागत नाही. म्हणून तो आत्ताची ऊब काही क्षणांपूर्वीच्या उबेशी ताडतो! टार आणि त्सर ही त्याच्या पेशीपटलातली ग्राहक, म्हणजे बदल टिपणारी प्रथिनं. बदल त्यांना जाणवतो, आणि आतल्या प्रथिनांच्या हाती कशाभिका फिरवणाऱ्या मोटरला निरोप जातो. टारचं तर विशेषच. भोवती अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल असलं, की काही वेळानं तेच प्रथिन उलटं वागतं, जिवाणूला गारव्याकडे नेतं.

कच्च्या दुधात ई. कोलाय असू शकतात, दूध उकळूनच प्या.

(प्रयोगशाळेचं दार)
मायक्रोस्कोप एकच आहे, मुलींची रांग दारापर्यंत. प्रत्येकीला मिनिटभर. हिनं अजून डोळा काढलेला नाही. मागचीही काही बोलत नाही.