मांडीच्या आत डोकावताना

श्रोतेहो, नमस्कार. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोट आठवतं, नाहीतर बाळ. आज बोलू या मांडीच्या सोनोग्राफीबद्दल.

मांडीच्या पुढच्या बाजूला, कंबर आणि गुडघ्याच्या साधारण मधोमध, गारेगार जेल लावून प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारी मशीनची मूठ, टेकवतात. पडद्यावर सगळ्यात वर कातडी, खाली चरबीचा थर, मग स्नायू आणि तळाला हाडाची पांढरी कमान. विशीतल्या धडधाकट मुलाचा स्नायू काळसर दिसतो, मधूनमधून बारीक पांढऱ्या रेघा. पंचाहत्तरीच्या आजोबांचा तोच स्नायू बहुधा करडा, धुरकट दिसतो. वयानुसार स्नायूत चरबी आणि चिवट तंतू शिरतात, त्यांच्यावरून ध्वनिलहरी जास्त परततात आणि चित्र उजळतं. इथे उजळ दिसणं चांगलं नव्हे, बरं का!

घेर मोजून हे कळत नाही. वजनकाट्यावर तर नाहीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडफोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१! ते मोजमाप सोनोग्राफीचं नव्हतं, पण सडपातळ दिसण्यावर किती भरवसा ठेवायचा, ते त्यातून कळतं.

या तपासणीचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम झालं ते लहान मुलांवर. १९८०च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. हेकमॅट आणि सहकाऱ्यांनी स्नायूंच्या आजाराच्या मुलांना असं तपासलं. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. स्नायू किती उजळ दिसतो याची त्यांची चार पायऱ्यांची प्रतवारी अजून वापरात आहे.

पण हे चित्र भारी लहरी. प्रोब तिरका झाला की छटा बदलते, जोरात दाबला की स्नायूची जाडी कमी भरते, आणि मशीनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा ठरवणारं बटण, वाढवला तर तरुणाचा स्नायूही म्हातारा दिसतो. म्हणून एका सेंटरचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून घाबरू नका.

शिवाय चित्रावरून ताकद थेट कळत नाही. त्यासाठी घरची खुर्ची पुरे. हात छातीशी बांधा आणि पाच वेळा उठा-बसा. तोल जात असेल तर कुणाला तरी शेजारी उभं करा. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घाला.