भिंगातून जाणारा प्रकाश

श्रोतेहो, नमस्कार. प्रकाशाचा किरण भिंगात शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा वळतो. काचेच्या आत मात्र तो सरळ रेषेतच जातो. हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत सुमारे २ लाखांवर येतो आणि तिरपा शिरलेला किरण या वेगबदलामुळेच दिशा बदलतो. म्हणून तेच भिंग पाण्यात बुडवले, तर काच आणि पाणी यांतील वेगाचा फरक कमी असल्याने त्याचे नाभीय अंतर, म्हणजे समांतर किरण जेथे एकत्र येतात तेथपर्यंतचे अंतर, जवळजवळ चौपट होते.

बहिर्वक्र, म्हणजे मध्ये जाड आणि कडेला पातळ, भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण जवळजवळ सरळ निघून जातो. कडेकडे पृष्ठभागांचा उतार वाढतो तसा किरण अधिक वळतो आणि दुरून समांतर आलेले सारे किरण नाभीपाशी एकत्र येतात. हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. आजोबांची प्लस दोन नंबरची चाळशी घ्यावी. तिचे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर असते. भर दुपारी माळवदाच्या घरातील अंधाऱ्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावून चाळशीचे भिंग त्यापासून हातभर अंतरावर धरले, की अंगणापलीकडचा लिंब कागदावर उलटा उमटतो, हिरव्या रंगासह आणि वाऱ्याने हलणाऱ्या फांद्यांसह. शेंड्याकडून आलेला किरण खाली उतरतो आणि बुंध्याकडचा वर चढतो, म्हणून चित्र उलटे. सूर्याकडे मात्र भिंगातून कधीही पाहू नये.

आता भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून पाहा. अर्धे झाड नाहीसे होईल असे बहुतेकांना वाटते, पण लिंब पूर्णच राहतो, फक्त फिका पडतो. प्रत्येक पानाकडून निघालेले किरण भिंगभर पसरतात आणि भिंगाचा प्रत्येक भाग त्यांना त्याच एका बिंदूकडे वळवतो. प्रकाशाच्या अभ्यासातली ही मला सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

डोळ्यातही हेच घडते. तेथे किरण वळवण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम बुबुळापुढचा पारदर्शक पडदा करतो आणि उरलेले आतले भिंग. हे भिंग मोतीबिंदूने काही भागात गढुळले, तरी दृश्याला भोक पडत नाही. सगळेच दृश्य धुरकट होत जाते. त्यामुळे वडीलधाऱ्यांना ‘अजून दिसतंय की’ असे वाटत राहते आणि मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहिली जाते. आजच्या शस्त्रक्रियेला तशी वाट पाहावी लागत नाही. गढूळ भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसवतात आणि त्याचा नंबर त्या डोळ्याची लांबी व पुढच्या पडद्याची वक्रता मोजून आधीच ठरवलेला असतो.