पाडायचं नंतर बघू, आधी तो ड्रोन आहे का ते तर कळू दे

(व्याख्यानाचं शब्दांकन, शेवटच्या प्रश्नोत्तरांसह)

नमस्कार मंडळी. विषय अँटी ड्रोनचा आहे आणि मला माहितीये की तुमच्यातल्या निम्म्या लोकांना लेसर कधी येतोय एवढंच ऐकायचंय. येणार आहे लेसर, पण बऱ्याच उशिरा. कारण माझं म्हणणं असंय की ड्रोन पाडणं हा या सगळ्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. वर काहीतरी आहे का, असलं तर कुठेय, कुणाचंय, आणि मुळात तो ड्रोनच आहे का, हे ठरवताना भल्याभल्या देशांची दमछाक झालीये.

२०२४ चा पावसाळा आठवा. बीड, जालना, संभाजीनगर, नगर, इकडे दौंड, बारामती, शिरूर, रात्री गावावर ड्रोन फिरतायत म्हणून लोक काठ्या घेऊन गस्त घालत होते, चोर आधी ड्रोनने घरं बघून जातात अशी चर्चा, आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ काय तर काळं आभाळ आणि त्यात एक लुकलुकणारा ठिपका. त्यातले काही खरेच ड्रोन असतील, मी नाही म्हणत नाही, पण त्या ठिपक्यावरून काहीच ठरवता येत नाही. आणि गावाकडच्या लोकांना कुणी हसायचं कारण नाही बरं का. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसला म्हणून ऐन ख्रिसमसच्या गर्दीत रनवे बंद केला, मध्ये थोडा उघडला, पुन्हा बंद केला, असं जवळपास दीड दिवस चाललं. हजारेक विमानं रद्द झाली नाहीतर दुसरीकडे वळवली, सुमारे १ लाख ४० हजार प्रवासी लटकले, सैन्य बोलवावं लागलं. एका जोडप्याला पकडलं आणि काहीच सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. आणि त्या ड्रोनचा एकही खात्रीचा फोटो आजपर्यंत पुढे आलेला नाही! मधे तर पोलीस अधिकाऱ्यानेच सांगितलं की ड्रोन नव्हताच असंही असू शकतं, मग नंतर सारवासारव झाली.

२०२४ च्या शेवटी अमेरिकेत न्यू जर्सीला तेच. एफबीआयकडे काही आठवड्यांत ५,००० च्या वर तक्रारी आल्या आणि त्यातून पुढे तपास करण्यासारख्या निघाल्या साधारण १००. बाकी बरीचशी साधी विमानं, हेलिकॉप्टरं, तारेसुद्धा. रात्री आपल्या डोळ्याला अंतराचा अंदाजच येत नाही. विमान लँडिंग लाइट लावून सरळ तुमच्या दिशेने येत असेल ना तर ते मिनिटभर एका जागी उभं असल्यासारखं दिसतं, मग वळलं की एकदम पळाल्यासारखं वाटतं, झालं, ड्रोन.

मग माणसाच्या डोळ्याचं जाऊ द्या, रडार लावा, असं कुणीही म्हणेल. तर रडारची गोची अशी की छोटा क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, प्लास्टिकचा, वीतभर आकाराचा, त्याच्यावरून रडारला परत मिळणारा सिग्नल साधारण पक्ष्याइतका. मोठ्या प्रवासी विमानाची रडारला दिसणारी साइज १०० चौरस मीटर धरली आणि ड्रोनची ०.०१, तर फरक दहा हजार पट. पण रडारचा पल्ला चौथ्या मुळाने कमी होतो, म्हणजे दहा हजारपट लहान वस्तू दहापट कमी अंतरावर दिसते. विमान ३०० किलोमीटरवर दिसत असेल तर ड्रोन ३० वर दिसायला हवा, हे कागदावर. प्रत्यक्षात ड्रोन इतका खालून उडतो की झाडं, इमारती, टेकडी, पृथ्वीची गोलाई सगळं मधे येतं. वर जुनी रडारं मुद्दाम अशी सेट केलेली की हळू जाणारं लहानसहान काही दिसलं तर ते स्क्रीनवरून काढून टाकायचं, कारण ते पक्षी किंवा पाऊस असणार. म्हणजे ड्रोन ज्या खिडकीतून येतो ती आपणच बंद करून ठेवलेली होती, बघायचंच नाही म्हणून.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. ड्रोनचे पंखे गरगर फिरतात, एक पातं रडारकडे येतंय तेव्हा दुसरं लांब जातंय, त्यामुळे परत आलेल्या सिग्नलमध्ये मुख्य वेगाच्या दोन्ही बाजूला बारीक थरथर उमटते. तिला मायक्रो डॉप्लर म्हणतात. पक्षी पंख मारतो ती थरथर सावकाश असते आणि तिचा ठेका वेगळा. सॉफ्टवेअरला हजारो नमुने दाखवून ही घार, हा ड्रोन असं वेगळं करायला शिकवतात. पण घार वाऱ्यावर नुसती तरंगत असेल, पंख हलवतच नसेल, की पुन्हा गोंधळ.

दुसरा रस्ता रेडिओ ऐकायचा. बाजारातले बहुतेक ड्रोन २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर रिमोटशी बोलतात, ते बोलणं पकडलं की ड्रोनची दिशा कळते, आणि महत्त्वाचं म्हणजे रिमोट घेऊन उभ्या असलेल्या माणसाचीही. डीजेआय या चिनी कंपनीचे ड्रोन तर उडताना स्वतःचा पत्ता आणि ऑपरेटरचा पत्ता हवेत सांगत फिरतात, आणि तो ऐकायचं एरोस्कोप नावाचं यंत्र कंपनीच पोलिसांना वगैरे विकायची, २०२३ मध्ये बंद केलं. त्याच सुमारास जर्मनीतल्या रिसर्चर्सनी दाखवून दिलं की हा पत्ता एन्क्रिप्टसुद्धा केलेला नव्हता, कुणीही वाचावा. पण अडचण बघा, २.४ आणि ५.८ हे तुमच्या घरातल्या वायफायचेच बँड. मुंबईसारख्या शहरात हवेत इतकी गजबज की त्यात एक ड्रोन शोधणं महाकठीण. आणि ड्रोनला आधीच रस्ता पाठ करून सोडला असेल तर तो बोलतच नाही.

तिसरा म्हणजे कान. यावर लोक आधी हसायचे, कारण ड्रोनचा आवाज काहीशे मीटरच्या पुढे जातच नाही. पण शाहेद नावाचा जो इराणी डिझाइनचा ड्रोन रशिया युक्रेनवर रोज सोडतो त्याला मोपेडसारखं इंजिन आहे, रात्री लांबून ऐकू येतं, तर युक्रेनच्या लोकांनी खांबांवर मायक्रोफोन आणि मोबाइल फोन लावले, एकेक सेट साधारण ४००-५०० डॉलरचा, असे जवळपास १०,००० देशभर लावले आणि सगळे एकमेकांना जोडले. कुठल्या खांबाने कधी ऐकलं यावरून ड्रोनचा रस्ता कळतो आणि पुढच्या गावातल्या मशीनगनवाल्यांना टॅबलेटवर निरोप जातो. कोट्यवधीच्या रडारला जे खालून जाणारं सापडत नाही ते असल्या जुगाडाला सापडतं. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतली या क्षेत्रातली सगळ्यात डोकेबाज गोष्ट ही.

कॅमेरे आहेतच, पण कॅमेरा शेवटी खात्री करायला. रडारने सांगायचं इकडे बघ, मग कॅमेऱ्याने वळून बघायचं. धुकं असलं की तेही नाही. त्यामुळे एका यंत्रावर कुणीच विसंबत नाही, तीन-चार प्रकार एकत्र करून एकाच स्क्रीनवर आणतात, आणि विकणाऱ्याने सांगितलं की आमचं एकच यंत्र सगळं करतं, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

आता थांबवायचं. पहिला उपाय जॅमिंग. लग्नात डीजे लावला की शेजारी बसलेल्या पाव्हण्याचं बोलणं ऐकू येत नाही, जॅमर तेच करतो, रिमोटपेक्षा मोठ्याने ओरडतो. ड्रोनला मालकाचा आवाज ऐकू येईनासा झाला की तो जागेवर थांबतो, खाली उतरतो, नाहीतर जिथून आला तिथे परत जातो, कंपनीने जे सेट केलं असेल ते. डीआरडीओने बनवलेली आणि बीईएल ही सरकारी कंपनी तयार करते ती डी-४ सिस्टीम, जी ऑगस्ट २०२० मध्ये लाल किल्ल्यावर स्वातंत्र्यदिनाला लावली होती, तिच्यात साधारण ३ किलोमीटरपर्यंत जॅमिंग आणि त्याच्या जोडीला लेसर आहे. पुढच्याच वर्षी २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने दोन स्फोट घडवले, दोन जवान किरकोळ जखमी झाले, आणि मग या विषयाला आपल्याकडे खरी धावपळ सुरू झाली.

दुसरं स्पूफिंग, म्हणजे खोटा जीपीएस द्यायचा. २०१६ च्या सुमारास मॉस्कोत क्रेमलिनजवळ लोकांचे फोन सांगायला लागले की तुम्ही व्नुकोवो विमानतळावर आहात. तो विमानतळ तिथून पंचवीस-तीस किलोमीटर लांब! बऱ्याच ड्रोनना विमानतळावर उडू नको असं आतच शिकवलेलं असतं, तेव्हा ड्रोनला विमानतळावर असल्याचं भासवलं की तो स्वतःच बसतो, असा त्यामागचा हिशोब असावा असं तेव्हा जाणकार म्हणत होते. आयडिया झकास, फक्त टॅक्सीवाल्यांची पंचाईत झाली.

ड्रोन शाबूत खाली येण्यात एक मोठा फायदा आहे, जो पडद्यावर दिसत नाही. पंजाबच्या सीमेवर हेरॉइन, पिस्तुलं घेऊन ड्रोन येतात, बीएसएफने २०२४ मध्ये एकट्या पंजाबात जवळपास ३०० पकडले, आदल्या वर्षी शंभराच्या थोडे वर होते. बरेचसे शेतात पडलेले सापडतात. आता त्याची मेमरी उघडायची. अमृतसरजवळ डिसेंबर २०२२ मध्ये पाडलेल्या एका ड्रोनची मेमरी बीएसएफच्या दिल्लीच्या लॅबने तपासली तर तो त्याच वर्षी आधी शांघायमध्ये उडवला होता आणि नंतर पाकिस्तानातल्या खानेवालमध्ये. पूर्ण जन्मपत्रिका. पडताना त्याचा चुरा झाला असता तर यातलं काही मिळालं नसतं.

पण जॅमिंगचे दिवस आता भरत आलेत असं मला वाटतं. २०२४ पासून रशिया आणि मग युक्रेन असे ड्रोन वापरायला लागले की ज्यांना रेडिओच नाही, मागे केसासारखी बारीक ऑप्टिकल फायबर सोडत जातात, दहा-वीस किलोमीटर. रेडिओवर ना ऐकू येतो, ना जॅम होतो. शेतंच्या शेतं त्या तारांच्या जाळ्याने भरलीत तिकडे. त्यावर उपाय म्हणून रस्त्यांवर मासेमारीची जाळी ताणली, कित्येक किलोमीटर. एवढं सगळं होऊन गाडी शेवटी जाळ्यावर आली.

मग उरतं पाडणं. इथे प्रश्न पैशाचा आहे. शाहेदची किंमत २० ते ५० हजार डॉलर असा अंदाज आहे आणि तो पाडायला वापरतात त्या अमेरिकी पेट्रियट यंत्रणेचं एक मिसाइल ३०-४० लाख डॉलरचं. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडमध्ये रशियन ड्रोन घुसले तेव्हा एफ-३५ लढाऊ विमानं उडवावी लागली, आणि खाली सापडलेल्यांत बरेच नुसते फोम आणि प्लायवुडचे, हूल द्यायला पाठवलेले. समोरच्याला तेच हवं असतं. आपल्याकडे मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सरकारने सांगितलं की एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले, आणि त्यांच्याशी लढायला पुढे कोण, तर एल-७० तोफ, मूळ डिझाइन बोफोर्सचं आणि कित्येक दशकं जुनं, फक्त तिला नवी रडारं नि कॅमेरे जोडले होते. जुन्या तोफेचा गोळा स्वस्त पडतो, एवढं साधं गणित. नागपूरच्या सोलर ग्रुपने भार्गवास्त्र म्हणून सिस्टीम केलीये, छोट्या रॉकेटांची, अडीच किलोमीटरपर्यंत, ड्रोनचा थवा आला तर त्यावर सोडायला. १३ मे २०२५ ला गोपाळपूरला चाचणी झाली. नागपूरवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आता तुमचा लेसर. १३ एप्रिल २०२५ ला कर्नूलला डीआरडीओने ३० किलोवॉटच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवला. गोळी संपत नाही, आवाज नाही, एका शॉटचा खर्च वीजबिलाइतका. पण किरण काही सेकंद त्याच एका जागेवर धरून ठेवावा लागतो, धूळ, धुकं, पाऊस आला की ताकद कमी, एका वेळी एकच ड्रोन, आणि नेम चुकला तर तो किरण पुढे जातच राहतो, मागे काय आहे ते बघूनच सोडावा लागतो. अहो घारसुद्धा शिकवून झाली, डच पोलिसांनी गरुड पाळले आणि दोनेक वर्षांत बंद केले, आपल्या लष्कराने २०२२ मध्ये औलीला अर्जुन नावाची घार दाखवली होती. व्हिडिओ छान आहे. पाच किलोच्या ड्रोनच्या कार्बन फायबरच्या पात्यात तिने पाय घालावा असं मला तरी वाटत नाही.

आणि चूक झाली की काय होतं तेही सांगतो. २५ डिसेंबर २०२४, अझरबैजान एअरलाइन्सचं विमान रशियातल्या ग्रोझ्नीला उतरायला चाललेलं, त्याच वेळी तिथे युक्रेनचे ड्रोन आलेले, जीपीएस गडबडलेला, रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा चालू. विमानाला तडाखा बसला, ते कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तानात अक्ताऊजवळ कोसळलं, ६७ पैकी ३८ माणसं गेली. पाडायची ताकद तिथे भरपूर होती. आभाळात कोण कोण आहे याचं चित्र एकाच स्क्रीनवर नसावं, असं मला वाटतं.

प्रश्न घेऊ. हं, त्या ताई विचारतायत की सोसायटीने जॅमर घ्यावा का, ऑनलाइन मिळतोय. नाही. परवानगीशिवाय जॅमर ठेवणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि तुमच्याच इमारतीतले वायफाय, फोन, कदाचित ॲम्ब्युलन्सचा जीपीएससुद्धा बंद कराल.

मागून प्रश्न आला, शेतावर ड्रोन दिसला तर दगड मारू का, गोफण चांगली चालते म्हणतायत. अहो, आधी तो फवारणीचा नाही ना बघा, ड्रोनने फवारणी करणाऱ्या बचत गटांच्या ड्रोन दीदी आता बऱ्याच गावांत आहेत, त्यात दहा लिटर औषध असतं, डोक्यावर पडेल. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही तिथे, १२० मीटरपर्यंत उडवायला चालतं, तेव्हा दिसला म्हणजे चोरच असं नाही. रात्री संशयास्पद वाटलं तर आधी फोनवर विमानांचं ॲप उघडून बघा त्या दिशेला विमान आहे का. नसेल तर वेळ लिहा, कुठून कुठे गेला ते लिहा, आवाज आला का ते लिहा, आणि व्हिडिओ काढताना नुसतं आभाळ घेऊ नका, विजेचा खांब, झाड, घराचं छप्पर असं काहीतरी न हलणारं फ्रेममध्ये ठेवा, तरच दिशा आणि वेग काढता येतो. मग ११२ ला फोन. आणि पडलेला सापडला तर हात लावू नका, पंजाबातल्या शेतकऱ्यांना हेच सांगितलेलं आहे, खाली काय बांधलंय ते माहीत नसतं.